तिसऱ्या बाकाचे मानकरी

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि परसाटोल्याचे सरपंच माननीय पुंडलिकरावजी कठाणे, प्रमुख पाहुणे, आपल्या सहकारी भात गिरणीचे चेअरमन माननीय भैयाजीसाहेब, सत्कारमूर्ती श्री. तुलारामजी देवाजी पुस्तोडे. व्यासपीठावरील इतर मान्यवर, ज्यांची संख्या खुर्च्यांपेक्षा दोनने अधिक भरल्यामुळे ज्यांपैकी दोघे उभे आहेत. समोर बसलेल्या बंधूंनो आणि कनातीपलीकडील भगिनींनो,

सत्कारमूर्तींचा परिचय करून देण्याचे काम सत्कार समितीने माझ्यावर सोपवले आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे आणि तपशिलात सहसा चुकत नाही, असा माझा गावात लौकिक आहे. तो लौकिक राखायचा, तर मला निमंत्रणपत्रिकेपासून सुरुवात करावी लागेल. पत्रिकेत तीन चुका आहेत.

पत्रिकेत तुलारामजींचा उल्लेख 'कॅप्टन डॉक्टर' असा छापला आहे. ते कॅप्टन नाहीत. सैन्याच्या वैद्यकीय दलात ते शिपाई म्हणून लागले, हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि निवृत्त होताना त्यांना नायब सुभेदार हा मानद हुद्दा मिळाला. ही झाली पहिली चूक. ते डॉक्टरही नाहीत, ही दुसरी. "मी डॉक्टर नाही जी, नर्सिंगचा हवालदार हाये," हे वाक्य ते अकरा वर्षे दारात येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत आले. गावाने त्यांच्याकडून मलमपट्टी करून घेतली. त्यांचे म्हणणे मात्र कोणी मनावर घेतले नाही.

तिसरी चूक अधिक नाजूक आहे. तुलारामजी 'स्वेच्छेने सेवेतून मुक्त होत असल्याबद्दल' हा समारंभ आहे, असे पत्रिका म्हणते. इच्छेने होत आहे, यात शंका नाही. ती इच्छा कोणाची, एवढे छापायचे राहून गेले. जागा अपुरी पडली असावी. मान्यवरांची नावेच सतरा होती.

काय घडत आहे ते सरळ सांगतो, म्हणजे टाळ्या कशासाठी वाजवायच्या हे सर्वांना कळेल. शाल आणि श्रीफळ झाल्यावर तुलारामजी चावडीमागच्या खोलीचा ताबा ग्रामपंचायतीला देतील. त्या खोलीत ते १९७६ सालापासून रोज सकाळी सात ते दहा विनामूल्य प्रथमोपचार करीत आले. उद्यापासून तेथे चेअरमनसाहेबांच्या कैलासवासी वडिलांच्या नावाचे वाचनालय सुरू होईल. फलक रंगवून तयार आहे. पुस्तके यायची आहेत. तुलारामजी परवा सकाळच्या बसने निघून जबलपूरला मुलीकडे जातील. त्यानंतर परसाटोल्यात कोणाला काही झाले, तर तालुक्याचा दवाखाना अठरा किलोमीटरवर आहे, वाटेत नाला आहे, आणि रुग्णाला नाला उतरेपर्यंत वाचायला वर्तमानपत्र मिळेल. तेही कालचे.

आता परिचय.

तुलारामजी १९४९ साली कामठीला भरती झाले. सव्वीस वर्षे नोकरी केली. लखनौला शिकले, पहाडात राहिले, वाळवंटात राहिले, आणि या संपूर्ण काळात शत्रूवर एकही गोळी झाडली नाही. हे कळल्यावर परसाटोल्याची किती निराशा झाली असेल! मला तो प्रसंग आठवतो. १९७५ साली निवृत्त होऊन ते आले, तेव्हा पुंडलिकरावजींच्या ओट्यावर पंधरा-वीस माणसे युद्धाच्या गोष्टी ऐकायला जमली होती. कोणीतरी विचारले, हवालदारसाहेब, किती मारले? तुलारामजी म्हणाले, "मारले नाही जी. मरू नाही देले, ते सांगू काय?" त्यात कोणाला रस नव्हता. चहा झाला आणि मंडळी पांगली.

न सांगितलेली ती गोष्ट आज माझ्याजवळ आहे. ती मला परवा शुक्रवारी कळली. मी त्यांच्याकडे का गेलो होतो ते पुढे येईलच.

१९७१ च्या डिसेंबरात तुलारामजी पूर्वेच्या आघाडीवर एका मलमपट्टी ठाण्यात होते. एका शाळेच्या दोन खोल्या, बाहेर तंबू. जखमी आले की ते उतरवून घेऊन आधी त्यांची वाटणी करायची, हे त्यांचे काम. पहिल्या रांगेत असा माणूस, जो आत्ता हात लावला नाही तर जाईल. दुसरीत तो, जो काही तास काढू शकेल. तिसरीत तो, ज्याला दुखते आहे, पण जो स्वतःच्या पायांनी आला आहे. डॉक्टर एक, जखमी चाळीस. डॉक्टरांचा हात आधी कोणाला लागणार, हे या हवालदाराने बांधलेल्या चिठ्ठीवर ठरायचे.

एकदा एक मेजरसाहेब आणि लंगरचा एक स्वयंपाकी एकाच गाडीतून आले. मेजरसाहेबांच्या दंडाला जखम होती आणि ते फार मोठ्याने बोलत होते. स्वयंपाक्याचे पोट फाटले होते आणि तो काहीच बोलत नव्हता. तुलारामजींनी स्वयंपाक्याला पहिल्या रांगेत नेले आणि मेजरसाहेबांना तिसऱ्या रांगेत बसवले. मेजरसाहेबांनी त्यांना त्यांचे नाव, नंबर आणि भविष्य विचारले. पहिली दोन उत्तरे तुलारामजींनी दिली. त्यांच्या उस्तादाने त्यांना लखनौला एक नियम शिकवला होता, तो तुलारामजींच्याच शब्दांत सांगतो: "जो बोंबलते तो थांबू शकते. जो चूप हाये, त्याच्याकडे आधी पाहा."

बंधुभगिनींनो, सैन्यात हा नियम उपयुक्त असेल. परसाटोल्यात तो लागू करणे म्हणजे काय, याचा विचार त्या उस्तादाने केलेला दिसत नाही.

शाळेने मोडीत काढलेली तीन बाके तुलारामजींनी दुरुस्त करून खोलीत मांडली. पहिले, दुसरे आणि तिसरे. अर्थ तोच. आता आपल्याकडे पहिली पंगत कोणाची, हे लग्नात काय आणि तेरवीत काय, जन्माबरोबर ठरलेले असते. त्यामुळे पहिल्या बाकाविषयी गावाची जी समजूत झाली, ती होणे अटळ होते. लोक येऊन पहिल्या बाकावर बसत. तुलारामजी त्यांना उठवत. लोक आपली शेती, आपले पद आणि आपल्या सोयरिकी सांगत. तुलारामजी त्यांची नाडी पाहत आणि तिसऱ्या बाकाकडे बोट दाखवत. तोवर पहिले बाक रिकामेच. रिकामे बाक समोर दिसत असताना माणसाला मागे बसवणे, हा अपमान आपल्या भागात विंचवाच्या दंशाहून जास्त काळ टिकतो.

आज या व्यासपीठावर विराजमान असलेल्यांपैकी एकही व्यक्ती अशी नाही, जिला तिसऱ्या बाकाचा मान मिळालेला नाही. माननीय अध्यक्ष स्वतः एका गळवासाठी तेथे सव्वा तास बसले होते. गळू मानेवर होते, हे मुद्दाम सांगतो; सभेत भलती समजूत पसरायला नको. त्या सव्वा तासात तुलारामजी कोणाला पाहत होते? तेजरामला, जो आपल्या तलावात जाळे टाकतो. काचेने पाय कापून त्याचे धोतर गुडघ्यापर्यंत लाल झाले होते. सरपंचांआधी मासे धरणारा! ग्रामपंचायतीच्या पुढच्याच सभेत 'खोलीच्या वापरातील शिस्त' हा विषय निघाला. सदस्य म्हणून मी त्या सभेला होतो. शिस्त फार झाली आहे, अशी तक्रार मी आयुष्यात प्रथमच ऐकली.

माननीय चेअरमनसाहेबांचा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे, तरी तो प्रत्येकाच्या सांगण्यात थोडा वाढला आहे. म्हणून नेमका सांगतो. १ मे १९८६ रोजी झेंडावंदनानंतर गिरणीच्या ओट्यावरून उतरताना साहेबांचा घोटा मुरगळला. वीस-बावीस कार्यकर्त्यांनी त्यांना खोलीत आणले. तुलारामजींनी पाय पाहिला, सूज पाहिली, आणि तिसरे बाक दाखवले. कार्यकर्ते म्हणाले, साहेबांचा मान पहिला. तुलारामजींनी समजावले की पहिल्या बाकावर मरणाऱ्याला ठेवतात. कार्यकर्त्यांनी याचाही अर्थ लावला, की हवालदार साहेबांना मोजत नाही. आवाज चढले. चेअरमनसाहेब स्वतः म्हणाले, "आमी पयल्याच बाकावर बसू."

तुलारामजी म्हणाले, "ठीक हाये जी."

आणि मग त्यांनी पहिल्या बाकाचे सर्व उपचार यथासांग केले. साहेबांना उताणे निजवले. टेरिलिनची नवी पँट कात्रीने मांडीपर्यंत कापली. पट्ट्यांनी त्यांना फळीला बांधले, म्हणजे वाटेत घसरणार नाहीत. छातीवर चिठ्ठी लावली: 'प्रथम क्रमांक. तोंडाने काही देऊ नये. बोलू देऊ नये.' आणि गिरणीच्याच ट्रकमधून त्यांना तालुक्याला रवाना केले. तेथे डॉक्टरांनी मलम चोळले आणि चहा देऊन परत पाठवले. यात अपमान कोठे आहे, हे मला अद्याप कळलेले नाही. मागितले ते मिळाले. 'बोलू देऊ नये' या सूचनेचे पालन मात्र झाले नाही, असे ट्रक ड्रायव्हर सांगतो.

त्यानंतर आठ महिन्यांत परसाटोल्याला वाचनालयाची किती गरज आहे, हे चेअरमनसाहेबांच्या लक्षात आले. गावात इतर चार जागा होत्या, परंतु वाचनासाठी चावडीमागची खोलीच योग्य ठरली. १५ जानेवारी रोजी ग्रामपंचायतीने ठराव केला. हवालदारांना सन्मानाने मुक्त करावे, खोली ताब्यात घ्यावी. शाल आणि नारळ हे आपल्याकडे फार जुने हत्यार आहे; लागते, पण रक्त निघत नाही.

अध्यक्षमहोदयांची चिठ्ठी आली आहे. 'आवरा' असे लिहिले आहे. आवरतो. परंतु ठरावाला एक सूचक असतो, आणि परिचय पूर्ण करायचा तर त्याचे नाव सांगावे लागेल.

ठरावाचा सूचक मी आहे.

आता आपण विचाराल, मला कोणी तिसऱ्या बाकावर बसवले होते? मला नाही. ११ ऑगस्ट १९८३ रोजी, ऐन भाताच्या रोवणीत, माझ्या पत्नी सौ. सुलोचनाबाई तलावाच्या पाळीवरून घसरल्या आणि त्यांचे उजवे मनगट मोडले. मी रेंगीला बैल जुंपले. आधी तुलारामजींना दाखवावे आणि तशीच रेंगी तालुक्याला न्यावी, असा विचार होता. आम्ही पोहोचलो, त्याच वेळी तेजराम आणि त्याची आई आनंदाबाई एक बाज उचलून घेऊन आले. बाजेवर तेजरामची बायको रुखमिणी होती. पहाटे तिचे बाळंतपण झाले होते आणि रक्त थांबत नव्हते. ती काहीच बोलत नव्हती. सुलोचनाबाईही फारसे बोलत नव्हत्या. त्या खोलीत मोठ्याने बोलणारा एकच माणूस होता. जो नियम मी मघाशी सांगितला, त्या नियमाने पाहिले तर सर्वांत शेवटी थांबण्याजोगा मीच होतो.

तुलारामजींनी रुखमिणीचे डोळे पाहिले. मग बांबूच्या दोन कमच्या आणि जुने वर्तमानपत्र घेऊन दोन मिनिटांत सुलोचनाबाईंचा हात बांधला, त्यांना दुसऱ्या बाकावर बसवले आणि तेजरामला सांगितले की बाज रेंगीत ठेव. माझ्या रेंगीत. मी म्हणालो, पुस्तोडे, ही रेंगी माझी आहे.

"होय जी," ते म्हणाले. "म्हणूनच नेतो. तुमचे बैल धावतीन."

मी पुष्कळ बोललो. माझ्या पत्नीला उतरवून माझ्याच गाडीत दुसरे कोणी नेणे, हे कोणत्या नियमात बसते, असे विचारले. "बाईले दुखते, पण थांबता येते. हे नाही थांबत," एवढेच ते म्हणाले, कासरा तेजरामकडे दिला आणि बाजेशेजारी उरलेल्या एका जागी आनंदाबाईंना चढवले. गावाने पुढे पुष्कळ चवीने चर्चिले की परक्या बाईच्या पोटाला हवालदाराने हात लावला. हेही नेमके सांगतो. हात आनंदाबाईंचा होता. तुलारामजी रेंगीच्या मागे धावत होते आणि सांगत होते, "दाबा, बेंबीखालचा गोळा चोळा, कणीक मळता तशी मळा, सोडू नोका." अठरा किलोमीटर. आनंदाबाईंनी हात सोडला नाही आणि त्यांनी बोलणे सोडले नाही. नाल्याला पाणी चढत होते. रेंगी पार झाली आणि मागे वाट बंद पडली. रुखमिणी वाचली. ती आज कनातीपलीकडे बसली आहे.

वाट तिसऱ्या दिवशी उघडली. सुलोचनाबाईंचे हाड तोवर वाकडे बसले होते.

त्या दिवसापासून मी तुलारामजींशी बोललो नाही. रस्त्यात भेटले तर मी बाजू बदलली. गेल्या वर्षी आसगावच्या बाजारात ते समोर आले, तेव्हा मी मला नको असलेली वांगी विकत घेत उभा राहिलो. आणि जानेवारीत ठरावाला सूचक हवा होता, तेव्हा चेअरमनसाहेब मुद्दाम माझ्याकडे आले. त्यांना माझी आठवण का व्हावी? कोणाच्या पोटात काय आहे, हे ओळखण्याच्या बाबतीत त्यांचे निदान अचूक असते. मी होकार दिला. ठरावाला मी चार कारणे जोडली: हवालदार डॉक्टर नाहीत, त्यांना नियुक्तिपत्र नाही, त्यांच्यावर कोणाची देखरेख नाही, आणि खोली सार्वजनिक आहे. चारही खरी आहेत. खोटे मी लिहीत नाही.

मागच्या मंगळवारी ठरावाची नक्कल सुलोचनाबाईंच्या हाती पडली. त्यांनी ती दोनदा वाचली.

"ठराव तुमी मांडला?"

मी हो म्हणालो.

"काहून?"

मी चारही कारणे क्रमाने सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकली आणि त्या म्हणाल्या, "पाचवं सांगा."

मी नक्कल हातात घेऊन कारणे पुन्हा मोजली. चारच होती.

तेव्हा त्या जे बोलल्या, ते मी त्यांच्या परवानगीने येथे सांगतो. "हा हात माहा हाये. याच्या नावानं ठराव कराचा होता, तं मले इचाराचं होतं. त्या दिवशी मी रुखमिणीचं तोंड पाहून राह्यली होती. तुमी रेंगी पाहून राह्यले होते." आणि थोड्या वेळाने, स्वयंपाकघरातून, "हात वाकडा हाये, पोळी तं गोल होते ना?"

पोळी गोल होते. मी साडेतीन वर्षे खातो आहे; कधी नीट पाहिली नव्हती.

म्हणून शुक्रवारी मी तुलारामजींकडे गेलो. ते ताबा देण्यासाठी खोलीतील सामानाची यादी करीत होते. बँडेज किती, कात्र्या किती, बाके किती. माझे चार वाक्यांचे निवेदन तयार होते. त्यात 'खेद' हा शब्द होता, 'क्षमा' हा नव्हता. परंतु त्यांनी मला ते सुरूच करू दिले नाही.

"बाबूजी, बाईच्या हाताचं इचाराले आले असान, तं सांगतो. कमची आखूड पडली. मनगटाच्या खाली आखीन चार बोटं पाह्यजे होती. घाईत बांधली, म्हणून हाड सरकलं. नाला नसता आला, तरी हात थोडा वाकडा राह्यलाच असता. ते चूक माही हाये."

मी खाली बसलो. बाकावरच बसलो, कितव्या, ते पाहिले नाही. मी त्यांना विचारले की हे साडेतीन वर्षांत कधी सांगितले का नाही.

"आलो होतो ना दोनदा. बाई म्हणाल्या, तुमी घरात हाये. आन तुमी आतून म्हणाले, घरात नाही."

हे खरे आहे. तारखा मला आठवत नाहीत, हे मान्य करताना मला किती कष्ट होत आहेत, ते मला ओळखणाऱ्यांना समजेल.

सज्जनहो, सर्व बाजू मांडून पाहिल्या, तर माझी स्थिती अशी निघते. या माणसाने त्या दिवशी एक गोष्ट बरोबर केली आणि एक चूक केली. जी बरोबर केली, तिचा राग मी तीन वर्षे सहा महिने धरला आणि त्या रागाला चार खरी कारणे जोडून ठराव केला. जी चूक होती, ती मला ठाऊकच नव्हती. ती ज्याने केली, तो मला सांगायला दोनदा माझ्या दारात येऊन गेला, आणि मी आतून घरात नसल्याचे कळवले.

मी विचारले, ठरावाला तुम्ही विरोध का केला नाही? ते म्हणाले, "तुमचे चारही कारणं खरे हाये. मी काय बोलू? खोली घ्या. पण तिथं कोणी तरी बसवा जी. बिमार माणूस वाचनालयात कायले येईन?"

आणि पुन्हा कात्र्या मोजू लागले.

अध्यक्षमहोदय, दुसरी चिठ्ठीही मिळाली. वाचली नाही, वाचनालय सुरू झाल्यावर वाचीन.

आता कार्यक्रमपत्रिकेप्रमाणे ताबापत्रावर सह्या व्हायच्या आहेत. देणार म्हणून तुलारामजींनी सकाळीच सही केली आहे. त्यांचे काम वेळेत असते. घेणार म्हणून पंचायतीच्या वतीने सही करण्याचा अधिकार त्याच ठरावाने सूचकाला, म्हणजे मला दिला आहे. कागद माझ्या खिशात आहे. मी त्यावर सही करणार नाही. माझ्या सहीवाचून खोली पंचायतीकडे येत नाही, हे मी ठरावाच्या शब्दांवरून तपासले आहे. शब्द माझेच आहेत, म्हणून पक्के आहेत.

येत्या गुरुवारी मासिक सभा आहे. तीत मी माझाच ठराव रद्द करण्याची सूचना मांडीन. गावाला शिकलेली नर्सबाई मिळावी अशी मागणी करू, आणि ती येईपर्यंत खोली तुलारामजींकडेच राहील. झालेला ठराव रद्द करायला दोन-तृतीयांश मते, म्हणजे नऊ सदस्यांपैकी सहा लागतात. माझ्यासह पाच तयार आहेत. सहावे मत अध्यक्षमहोदयांचे असू शकते. त्यांच्या गळ्यात आज हार बरेच आहेत, परंतु त्यांच्या भारातही होकारापुरती मान हलवता येते. आणि चेअरमनसाहेब, आपल्या वडिलांना गाव मानते, मीही मानतो. त्यांच्या नावाचे वाचनालय गिरणीच्या कचेरीत होऊ शकते. तिची समोरची खोली आपण बसून असता तेवढा वेळच वापरात असते.

खोलीच्या दारात आपल्या माणसांना थोपवायला कोणीतरी लागते. अकरा वर्षे हवालदाराने पट्टी बांधायची आणि भांडायचेही, ही दोन्ही कामे एकट्याने केली. भांडण्याचे काम मी घेतो. मला त्याचा सराव आहे. हात बांधायला शिकण्यासाठी आनंदाबाई आणि सुलोचनाबाई या दोघींनी नावे दिली आहेत. सुलोचनाबाई म्हणतात, कमची किती लांब पाहिजे, हे गावात त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नाही.

राहता राहिले तुलारामजी. त्यांचे परवाचे तिकीट काढलेले आहे. ते थांबतील असे मी गृहीत धरलेले नाही. गृहीत धरण्याचा हक्क मी आधीच पुरेसा वापरला आहे. मी त्यांच्याकडे पाहतो आहे. ते काहीच बोलत नाहीत.

मंडप देणाऱ्यांचे, सतरंज्या देणाऱ्या शाळेचे आणि इतका वेळ उभ्या राहिलेल्या त्या दोन मान्यवरांचे मी समितीच्या वतीने आभार मानतो. माझ्या सांगण्यात तपशिलाची चूक असल्यास ती तारखेसह दाखवून द्यावी, दुरुस्त करीन. परिचय करून देण्यास सांगितले असता भलतेच बोललो, याबद्दल सभेने मला माफ करावे. सुलोचनाबाईंची माफी मी घरी मागीन. ती चार माणसांत मागण्याइतकी सोपी नाही.

तुलारामजी, तुमची येथेच मागतो. त्या दिवशी तुम्ही माझी रेंगी नेली, हे बरोबर केले. हे मी त्याच संध्याकाळी तुमच्या दारात येऊन म्हणायला हवे होते. उद्या सकाळी सातला तुम्ही खोलीत आलात तर मी दारात असेन. नाही आलात, तरी दारात असेन. कोणी रुग्ण आला, तर त्याला काय सांगायचे ते मला ठाऊक नाही, एवढेच.

नमस्कार.